पालक-शिक्षक संघाची नियमावली बदलताना: खर्ड्यापासून नोंदीपर्यंत

ठराव मंजूर झालेला असतो, टाळ्याही वाजलेल्या असतात. मग सहा महिन्यांनी एखादा पालक विचारतो, "या सभेची नोटीस मला कधी दिली होती?" नोटीस वही उघडावी तर सही नाही. जुना नियम नेमका काय होता हे कोणालाच सांगता येत नाही. बदल चांगला असूनही तो रद्द धरावा लागतो आणि संघात दोन तट पडतात.

नियमावलीवरून होणारे बहुतेक वाद बदलाच्या आशयावर नसतातच. आधी करायचं काम मागून केलं, म्हणून ते होतात. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं घ्या. हे सगळं विदर्भातल्या गावशाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे, कारण इथे सभेला माणूस यायचा तर त्याला रोज पाडून, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून, यावं लागतं.

१. संघ कोणत्या प्रकारचा, हे आधी ठरवा

इथेच सगळ्यात मोठी गल्लत होते. एकाच शाळेत वेगवेगळ्या समित्या असतात, माणसं बरीचशी तीच असतात, आणि एकीचा नियम दुसरीला लावला जातो.

शाळा व्यवस्थापन समिती ही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार बनते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. हे प्रमाण कोणत्याही ठरावानं बदलता येत नाही, मग तो एकमतानं झालेला का असेना.

खासगी शाळेतला पालक-शिक्षक संघ महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ खाली येत असेल तर त्याची रचनाही कायद्यानं ठरलेली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष असतात आणि कार्यकारी समितीवर येणारे पालक इच्छुकांतून सोडतीनं निवडले जातात. "आमच्याकडे हात वर करून निवड होईल" असा पोटनियम केला तरी तो टिकणार नाही.

तिसरा प्रकार संस्था म्हणून नोंदवलेल्या संघाचा. त्याला १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो. चौथा प्रकार नोंदणी नसलेल्या, पण स्वतःची लेखी नियमावली असलेल्या संघाचा. गावात हाच जास्त दिसतो आणि पुढच्या पायऱ्या मुख्यतः त्याच्यासाठी आहेत. नोंदणीकृत संघाला जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

शाळेतल्या समित्यांबाबतचे शासन निर्णय वेळोवेळी बदलतात. कधी समित्या एकत्र केल्या जातात, कधी त्यांची रचना बदलते. म्हणून काम सुरू करण्याआधी सध्या लागू असलेला निर्णय मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांकडून मिळवा आणि वाचा.

*तपासा:* बदलायचा नियम संघानं केलेला आहे की कायद्यानं घातलेला? सभेची वेळ, नोटीस पोहोचवण्याची रीत, उपसमित्या, खर्चाला मंजुरी देण्याची मर्यादा, बँक खात्यावरच्या सह्या, हिशेब वाचून दाखवण्याची पद्धत अशा गोष्टी बहुधा संघाच्या हातात असतात. कायद्यानं घातलेला नियम असेल तर तिथेच थांबा.

२. मूळ प्रत शोधा आणि तीन कलमं वाचा

मूळ नियमावली बहुतेक वेळा कार्यालयातल्या कपाटात जुन्या प्रोसिडिंगखाली, म्हणजे सभांच्या नोंदवहीखाली, सापडते. कधी बदलून गेलेल्या शिक्षकांच्या घरी असते. नोंदणीकृत संघाला धर्मादाय कार्यालयात अर्ज करून प्रमाणित नक्कल मिळते. मोबाइलवर फिरणारी टाइप केलेली प्रत मूळ समजू नका. तिच्यात नियमांचे क्रमांक सरकलेले असतात.

प्रत मिळाली की तीन कलमं आधी वाचा. एक, नियमावली दुरुस्त कशी करायची ते कलम. दोन, गणपूर्ती, म्हणजे कोरम. तीन, सदस्य कोण आणि मत कोणाला. त्यानंतर झालेल्या दुरुस्त्या प्रोसिडिंगमधून शोधून त्याच प्रतीच्या समासात तारखेसह लिहा. हे काम दोघांनी मिळून करावं, एक पालक आणि एक शिक्षक. एकट्यानं केलं की पुढे शंका येते.

दुरुस्तीचं कलमच नसेल तर घाई करू नका. पहिल्या सभेत फक्त तेवढंच कलम मंजूर करून घ्या: किती दिवसांची नोटीस, किती मतं, कोणाची मतं. बाकीचे बदल पुढच्या सभेत त्या कलमाप्रमाणे आणा.

३. खर्डा: जुनं शेजारी नवं

"नियमावलीत योग्य ते बदल करण्यात यावेत" असा ठराव निरुपयोगी आहे. त्यावरून कोणता शब्द गेला आणि कोणता आला हे कळत नाही. खर्ड्यात तीन रकाने हवेत: सध्याचा नियम जसाच्या तसा, प्रस्तावित नियम पूर्ण वाक्यात, आणि बदल का हवा ते दोन ओळींत.

एक उदाहरण जवळून पाहू. कित्येक नियमावल्यांत असं वाक्य असतं:

सध्याचा नियम ४: विद्यार्थ्याचे आई किंवा वडील हे संघाचे सदस्य असतील.

दिसायला यात काही खोट नाही. पण वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला आई-बाप दोघंही बाहेर गेलेले असतात आणि लेकरू आजीजवळ असतं. शाळेत बोलावलं की आजीच येते, सही तीच करते, आणि मतदानाच्या वेळी तिला सांगितलं जातं की तुमचं नाव यादीत नाही. शिवाय "किंवा" या शब्दामुळे दोघंही आले तर मत एक की दोन हे ठरत नाही. तीन लेकरं शाळेत असलेल्या घराची मतं किती, हेही कुठे लिहिलेलं नसतं. दुरुस्ती अशी होऊ शकते:

प्रस्तावित नियम ४: (अ) विद्यार्थ्याचे आई व वडील संघाचे सदस्य असतील. (आ) दोघेही गावाबाहेर राहत असल्यास विद्यार्थी ज्या प्रौढ नातेवाइकाकडे राहतो ती व्यक्ती त्या काळापुरती सदस्य असेल. अशी नोंद मुख्याध्यापक दरवर्षी जुलैअखेर करतील. (इ) विद्यार्थी कितीही असले तरी एका कुटुंबाचे मत एकच असेल.

आता हेच वाक्य विरोधकाच्या नजरेनं वाचा. जुलैनंतर कोणी बाहेरगावी गेलं तर काय? भाऊ वेगळे राहत असतील तर कुटुंब एक की दोन? असे प्रश्न सभेत येणारच. त्यांची उत्तरं खर्ड्यातच बसवा. उदाहरणार्थ (आ) मध्ये "त्यानंतर बदल झाल्यास पालकाच्या अर्जावरून" एवढे शब्द वाढवता येतील आणि (इ) मध्ये कुटुंब म्हणजे एका आई-वडिलांची मुलं असं स्पष्ट करता येईल. ज्यांचा संघ २०११ च्या कायद्यात बसतो त्यांनी 'पालक' शब्दाचा कायद्यातला अर्थ आधी पाहावा. त्याच्या विरोधात जाणारी व्याख्या करू नये.

खर्ड्याबाबत आणखी काही गोष्टी:

एका प्रस्तावात एकच विषय. बँकेच्या सह्या आणि सभेची वेळ एकत्र बांधली तर एकाला विरोध असणारा दोन्हीला विरोध करतो.

नियमाचा क्रमांक बदलत असेल तर बाकी नियमावलीत "नियम ७ प्रमाणे" असं कुठे कुठे आलं आहे ते शोधा. नवा नियम मध्येच घालायचा असेल तर ७-अ करणं सोपं पडतं.

लागू होण्याची तारीख लिहा. सध्याच्या पदाधिकाऱ्यांची मुदत बदलणारा नियम असेल तर तो त्यांना लागू होईल की पुढच्यांना, हे खर्ड्यातच असावं. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांच्या हातात आज कारभार आहे त्यांची मुदत वाढवणारा बदल पुढच्या कार्यकारिणीपासूनच लागू करावा. नाहीतर हेतू चांगला असला तरी लोकांचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

४. मतदार यादी सभेआधी बंद करा

हजेरीपटावरून सदस्यांची यादी करा. शाळा सोडून गेलेल्यांची नावं कमी करा, नवीन दाखल्यांची घाला. यादीवर "अमुक तारखेस अशी" असं लिहून मुख्याध्यापक आणि सचिवांनी सही करावी व ती फलकावर लावावी. हरकती घ्यायला चार-पाच दिवस पुरतात.

*सावध:* यादी सभेच्या दाराशी बनवू नका. एकूण सदस्य किती हे आधी ठरलं नसेल तर कोरम झाला की नाही, हे पुढे सिद्ध करता येत नाही.

५. दिवस कोणता धरायचा

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते आणि तेव्हाच पेरणीची धांदल असते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे त्यापाठोपाठ धानाची रोवणी. वऱ्हाडात निंदण आणि डवरणी. पोळ्यानंतर थोडी उसंत मिळते. पुढे सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी लागते. वेचणीला बहुतेक बायाच जातात, म्हणून त्या दिवसांत दुपारची सभा ठेवली की आया येत नाहीत. जंगलपट्ट्यात मे महिना तेंदूपत्त्याचा, तेव्हा सभेचं नावही काढू नये.

१५ ऑगस्टला झेंड्याला पालक जमतात. त्या दिवशी खर्डा वाचून दाखवावा, प्रती वाटाव्यात, शंका लिहून घ्याव्यात. मतदान मात्र त्या दिवशी नको, कारण त्या गर्दीत सदस्य कोण आणि गावकरी कोण हे वेगळं करता येत नाही. सभा पोळ्याच्या आसपासचे दिवस टाळून, सप्टेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी ठेवली तर उपस्थिती बरी मिळते. आठवडी बाजाराचा दिवस आणि मजुरीच्या वाटपाचा दिवस दोन्ही टाळा.

६. नोटीस: सगळ्यात जास्त बदल इथेच पडतात

नोटिशीत सभेचा दिवस, वेळ, जागा आणि विषय असतोच. नियमावलीच्या बदलासाठी त्याबरोबर खर्डा जोडलेला असावा लागतो. "नियमावली दुरुस्तीवर विचार करणे" एवढ्या ओळीवरून पालकाला आपण काय गमावणार किंवा कमावणार हे कळत नाही.

दिवस मोजताना नोटीस दिली तो दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मोजणं सुरक्षित. समजा तुमच्या नियमात १४ दिवस आहेत. नोटीस १ तारखेला वाटली आणि सभा १५ तारखेला ठेवली तर मध्ये १३ च पूर्ण दिवस पडतात. सभा १६ ला ठेवा.

नोटीस कशी पोहोचवायची? व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली म्हणजे झालं, हा समज सोडून द्या. फोन अनेकदा मोठ्या पोराकडे असतो, नाहीतर रिचार्ज संपलेला असतो. गटावर टाकाच, पण भरवसा नोटीस वहीवर ठेवा. विद्यार्थ्याच्या हाती प्रत पाठवा, दुसऱ्या दिवशी पोचपावतीचा भाग परत घ्या आणि वहीत चिकटवा. ज्यांच्या पावत्या आल्या नाहीत त्यांची वेगळी यादी करून घरी जाऊन सही घ्या. सही येत नसेल तर डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी, शेजारी नाव, आणि ओळख पटवणाऱ्याची सही. एक प्रत शाळेच्या फलकावर, एक ग्रामपंचायतीच्या. कोतवालाकडून मुनादी (दवंडी) देता आली तर तांड्यावर आणि टोलीवर ती सगळ्यात लवकर पोहोचते. पण मुनादी ही आठवण आहे, नोटीस नाही.

जिथे घरात गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी बोलतात तिथे खर्डा त्या भाषेत समजावून सांगणारा एक पालक आधीच ठरवा. त्याला खर्डा दोन दिवस आधी द्या. सभेत उभ्या उभ्या अर्थ लावायला सांगितलं की अर्थ बदलतो.

*नोंदणीकृत संघासाठी:* बदल संस्थेच्या उद्देशांचा असेल, म्हणजे उद्देश वाढवणं, कमी करणं, बदलणं किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन होणं, तर संस्था नोंदणी कायद्याचं कलम १२ लागतं. प्रस्ताव प्रत्येक सदस्याला विशेष सभेच्या १० दिवस आधी द्यावा किंवा टपालानं पाठवावा लागतो. त्या सभेत तीन पंचमांश मतं लागतात. मग एक महिन्याच्या अंतरानं दुसरी विशेष सभा घेऊन हजर सदस्यांच्या तीन पंचमांश मतांनी तो कायम करावा लागतो. दुसरी सभा न घेताच कागद पुढे पाठवणं ही नेहमीची चूक आहे.

७. सभा चालवण्याचा क्रम

सही घेऊन आत सोडा. हजेरीची सही सभा सुरू होताना घ्यायची. सभा झाल्यावर वही घरोघर फिरवून सह्या गोळा करणं ही पद्धत गावात इतकी रुळली आहे की कोणाला तिच्यात वावगं वाटत नाही. पण ती खोटी नोंद आहे आणि एका तक्रारीवर सगळा ठराव त्यामुळे जातो.

मग कोरम मोजा आणि आकडा मोठ्यानं सांगा. कोरम नसेल तर नियमाप्रमाणे सभा तहकूब करा. तहकूब सभेला कोरम लागत नाही हे ग्रामसभेवरून लोकांनी गृहीत धरलेलं असतं. तुमच्या नियमावलीत तसं लिहिलं आहे का ते पाहा. लिहिलेलं असलं तरी नियमावलीचा बदल तशा सभेत करू नये असं मला वाटतं. पंधरा-वीस माणसांनी घातलेला नियम बाकीचे मनानं स्वीकारत नाहीत.

त्यानंतर प्रत्येक प्रस्ताव वेगळा घ्या: जुना नियम वाचा, नवा वाचा, कारण सांगा, सूचक आणि अनुमोदकाची नावं घ्या, चर्चा, मतदान. आयांना बोलायला मुद्दाम वेळ द्या. मागे बसलेल्या बाया पहिल्या दहा मिनिटांत बोलत नाहीत. सगळ्यात पुढचे चारजण बोलून झाले की "सर्वांना मान्य आहे" असं जाहीर होतं, आणि ज्यांची अडचण होती त्या घरी जाऊन बोलतात.

*सावध:* "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" या शीर्षकाखाली नियमावलीचा बदल कधीच घेऊ नका. नोटिशीत नसलेला बदल आयत्या वेळी करता येत नाही.

सभेत कोणी उपसूचना मांडली तर? खर्ड्याच्या चौकटीत राहून ती सौम्य करणारी असेल, जसं खर्चाची मर्यादा खर्ड्यात ५,००० रुपये आहे आणि सूचना ३,००० ची आहे, तर ती घेता येते. सध्याची मर्यादा २,००० असेल तेव्हाच हे बरोबर ठरतं, कारण ३,००० हा आकडा जुन्या आणि प्रस्तावित यांच्या मध्ये पडतो. ७,००० ची सूचना आली तर नवी नोटीस काढा. घरी राहिलेल्या पालकानं ५,००० वाचून "चालेल" म्हटलं होतं, ७,००० ला त्यानं होकार दिलेला नाही.

८. मतं मोजणं: दोन तृतीयांश, पण कशाचे?

समजा एकूण सदस्य १२० आहेत. हजर ५४. बाजूनं ३४, विरोधात १२, तटस्थ ८.

नियम "एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश" म्हणत असेल तर ८० मतं हवीत, प्रस्ताव पडला. "उपस्थितांच्या दोन तृतीयांश" असेल तर ३६ हवीत, दोन मतांनी पडला. "उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या" असेल तर ४६ पैकी ३१ पुरतात, प्रस्ताव मंजूर. सभा तीच, हात तेच, निकाल मात्र शब्दांवर फिरतो. म्हणून मतदानाआधी अध्यक्षांनी नियमातलं वाक्य वाचून किती मतं लागतील हे सांगावं. आकडा आधी जाहीर झाला की निकालावर भांडण होत नाही.

हात वर करून मतदान घेत असाल तर एक पालक आणि एक शिक्षक असे दोघं वेगवेगळे मोजोत आणि आकडे जुळवोत. बदल शिक्षकांशी किंवा गावातल्या वजनदार माणसाशी संबंधित असेल तर चिठ्ठी मतदान घ्या. लेकरू त्याच शाळेत शिकत असताना मुख्याध्यापकांसमोर हात वर करणं पालकाला जड जातं. लिहिता न येणाऱ्यांसाठी चिठ्ठीवर दोन खुणा छापा आणि कोणती खूण कशासाठी हे आधी दाखवा.

९. इतिवृत्त त्याच दिवशी लिहा

इतिवृत्तात नोटिशीची तारीख, एकूण सदस्य, हजर संख्या, लागणारा कोरम, जुना नियम, मंजूर झालेला नियम शब्दशः, सूचक-अनुमोदक, बाजूची, विरोधी व तटस्थ मतं, आणि लागू होण्याची तारीख हवी. "सर्वानुमते मंजूर" असं सवयीनं लिहू नका. विरोधात १२ मतं पडली असतील तर १२ लिहा. विरोधकाला आपलं मत कागदावर दिसलं की तोही निकाल मानतो.

प्रोसिडिंगमध्ये कोरी जागा सोडू नका, खाडाखोड झाली तर तिथे अध्यक्ष आणि सचिवांची छोटी सही घ्या. लिहून झालं की हजर असलेल्यांपुढे वाचा.

१०. सभेनंतरचे कागद

नोंदणीकृत संघानं दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार नोंदवहीतल्या कोणत्याही नोंदीत फरक पडला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पदाधिकारी, पत्ता, मालमत्ता यांचे बदल त्यात येतात. नियमावलीच्या दुरुस्तीसाठी कोणता अर्ज आणि किती प्रती लागतील हे जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात विचारून घ्या. सोबत नोटीस, पोचपावत्या, हजेरी आणि ठरावाच्या प्रती लागतातच, म्हणून त्या सभेच्या आठवड्यातच एका फाइलला लावा. सचिव बदलला की असे कागद हरवतात.

बँकेच्या सह्या बदलल्या असतील तर ठरावाची खरी प्रत, नव्या सहीदारांची ओळखपत्रं आणि फोटो घेऊन सगळ्यांनी एकाच दिवशी बँकेत जावं. बँक नोंद करेपर्यंत जुन्याच सह्या चालतात. तोवर नव्या सहीचा धनादेश कोणाला देऊ नका.

शेवटी दुरुस्त नियमावली सलग लिहून काढा आणि प्रत्येक बदललेल्या नियमाखाली ठराव क्रमांक व तारीख टाका. पहिल्या पानावर "अमुक तारखेपर्यंतच्या दुरुस्त्यांसह" असं लिहा. एक प्रत मुख्याध्यापकांच्या कार्यालयात, एक पालक प्रतिनिधीकडे, एक फलकावर महिनाभर. जुनी प्रत फाडू नका. तिच्यावर "रद्द" असा शिक्का मारून त्याच फाइलमध्ये मागे लावा. नवीन नियमापूर्वीच्या एखाद्या खर्चावर प्रश्न आला तर तो जुन्याच नियमानं तपासावा लागेल.